अलायनर लावल्यावर आधी चहाच्या वेळा बदला

अलायनर म्हणजे वाकडे दात हळूहळू सरळ करणारे, एकामागून एक बदलत जायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. डॉक्टरांनी त्यातला पहिला ट्रे दातांवर बसवला, आरसा हातात दिला आणि सांगितलं, "दिवसातले २२ तास हा तोंडात हवा. खाताना आणि दात घासताना तेवढा काढायचा." मी मान डोलावली आणि जिना उतरता उतरता बोटांवर मोजायला लागले. सकाळी सहाला चहा, आठला नाश्ता, अकराला ऑफिसात चहा, एकला डबा, चारला पुन्हा चहा, सातला घरी पोचल्यावर काहीतरी चटकमटक, नऊला जेवण आणि त्यावर बडीशेप. म्हणजे आठ वेळा तोंड चालू. दर वेळी ट्रे काढणं, खाणं, चूळ भरणं, ब्रश करणं आणि परत बसवणं यांना मिळून वीस मिनिटं धरली, तरी २ तास ४० मिनिटं झाली. आणि जेवण काही वीस मिनिटांत उरकत नाही.

पुढच्या चौदा महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. अलायनरचा त्रास तोंडात थोडा आणि घड्याळात जास्त असतो. दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं, बोलणं आठवड्याभरात सुधारतं. खाण्यापिण्याच्या वेळा मात्र मुद्दाम बसवाव्या लागतात. त्या बसल्या की बाकीचं सोपं जातं, म्हणून या लेखात मी त्यांच्यावरच जास्त बोलणार आहे.

२२ तास कशासाठी

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. ट्रे दाताला रेटतो तेव्हा दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे ताण पडतो त्या बाजूला नवं हाड तयार होतं. हे सगळं फार सावकाश चालतं. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दाब सुटला की तेच तंतू दाताला पुन्हा जुन्या जागेकडे ओढायला लागतात. लग्नाच्या पंगतीत तीन तास ट्रे बाहेर राहिला, तर परत लावताना जो घट्टपणा जाणवतो तो यामुळेच. बहुतेक डॉक्टर २० ते २२ तास सांगतात. मनात २२ धरून चाला, म्हणजे एखादा दिवस बिघडला तरी २० च्या खाली जात नाही.

सुरू करण्याआधी

एम.डी.एस. ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडेच, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावं, असं माझं ठाम मत आहे. दात वरून सरळ दिसले म्हणजे झालं असं नसतं; मुळं कुठे आहेत, हाड किती आहे, हिरड्या कशा आहेत, वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, हे एक्स-रे आणि तपासणीशिवाय कळत नाही. अमेरिकेत घरच्या घरी मोजमाप घ्यायला लावून टपालाने ट्रे पाठवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ज्यांचे उपचार अर्धवट होते ते अडकले. पुढे काही बिघडलं तर ज्यांच्या खुर्चीत जाऊन बसता येईल असे डॉक्टर गाठीशी असावेत.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. ठरलेले ट्रे संपल्यावर दात अजून थोडे वाकडे राहिले आणि नव्याने स्कॅन करून आणखी ट्रे लागले, तर त्याचे पैसे वेगळे का? सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायला शेवटी लागणारे रिटेनर या रकमेत धरलेत का? ट्रे हरवला तर दुसरा किती दिवसांत आणि कितीला मिळतो? माझ्या दातांवर अटॅचमेंट किती आणि कुठे येणार? अटॅचमेंट म्हणजे दाताच्या रंगाच्या मसाल्याने चिकटवलेले बारीक उंचवटे. ट्रेला दात नीट पकडता यावा म्हणून ते लावतात. समोरच्या दातांवर ते येणार असतील तर आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या दिवशी आरशात बघून धक्का बसतो. काहींना दोन दातांच्या मधला भाग अगदी किंचित घासून जागा करावी लागते. ऐकायला भीती वाटते, प्रत्यक्षात दुखत नाही.

कीड भरून घेणं आणि दात साफ करून घेणं हेही आधीच उरकून घ्या. मधेच दाताचा आकार बदलला, मोठं फिलिंग झालं किंवा कॅप बसली, तर पुढचे ट्रे नीट बसत नाहीत. आणि मिश्री लावायची सवय असेल तर ती आता सोडायलाच हवी. ती भाजलेली तंबाखूच आहे. ती हिरड्या बिघडवते, आणि बिघडलेल्या हिरड्यांमधले दात सरकवणं धोक्याचं असतं.

पहिला आठवडा

नवा ट्रे नेहमी रात्री, जेवण आणि ब्रश झाल्यावर लावा. सगळ्यात जास्त दाब पहिल्या काही तासांत जाणवतो, तो झोपेत निघून जातो. फारच ठणकलं तर कोणती गोळी घ्यायची हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा, म्हणजे रात्री अकराला शोधाशोध नको.

लावताना ट्रे आधी पटाशीच्या दातांवर टेकवा, मग दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत दाढांपर्यंत जा. अर्धवट बसलेला ट्रे दात आपटून बसवू नका, तो चिरतो. त्यासाठी च्युई नावाची मऊ फोमची नळी मिळते. ती एकेका दाताखाली धरून हळूहळू चावायची, चार-पाच मिनिटं. नव्या ट्रेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे दर वेळी करा. मी सुरुवातीला कंटाळा केला आणि एका सुळ्याच्या टोकाशी फट राहिली. पुढे त्या एका दातासाठी एक ट्रे दहा दिवस जास्त घालावा लागला.

काढताना दाढांकडून सुरुवात करा. जिभेकडच्या बाजूने बोटाचं टोक ट्रेच्या कडेखाली घालून आधी एक बाजू सोडवा, मग दुसरी, आणि शेवटी पुढचा भाग. समोरून ओढला तर ट्रे तुटतो आणि अटॅचमेंटही निघते. नखं बारीक असतील तर प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो वापरा. पहिले दोन दिवस हे घरी आरशासमोर दहा-दहा वेळा करून पाहा. ऑफिसच्या बेसिनपाशी मागे कुणीतरी उभं असताना शिकणं अवघड जातं.

बोलण्याचं म्हणाल, तर मराठी माणसाला एक जास्तीची अडचण येते. 'स' आणि 'श' सगळ्यांचेच घसरतात. पण आपल्याकडे 'चाळ', 'जावई', 'झाड' यांतले च, ज, झ हेही जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवून उच्चारले जातात, आणि नेमकी तिथेच आता ट्रेची भिंत आलेली असते. उपाय एकच आहे, मोठ्याने वाचणं. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख सावकाश, ओठ पूर्ण हलवत वाचा. चार-पाच दिवसांत जीभ नवी जागा शोधते. पहिल्याच आठवड्यात महत्त्वाचं भाषण किंवा मुलाखत असेल, तर डॉक्टरांना सांगून सुरुवातच आठवडाभर पुढे ढकला. फोनवर बोलायचं म्हणून ट्रे काढून ठेवायची सवय लावून घेऊ नका. मग जिभेला सरावच होत नाही.

तोंडाला लाळ जास्त सुटेल, ती आठवड्यात कमी होते. ट्रेची एखादी कड गालाला किंवा जिभेला टोचत असेल तर दवाखान्यातून मिळणारं मेण त्या जागी लावा. नखं घासायच्या कानशीने कड अगदी हलकेच गुळगुळीत करता येते, पण ते आधी डॉक्टरांना विचारून. तोंड आलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, अर्थात ट्रे काढून.

दिवसाची घडी

बरीच अदलाबदल केल्यावर माझी घडी अशी बसली. सकाळी सातला चहा आणि नाश्ता एकत्र, ३० मिनिटं. दुपारी एकला डबा, ३५ मिनिटं. चारचा चहा, १५ मिनिटं. साडेआठला जेवण आणि त्यालाच जोडून जे काही गोड खायचं असेल ते, ४० मिनिटं. यात ब्रश करणंही आलं. सगळं मिळून बरोबर दोन तास.

यात सकाळी सहाचा आणि अकराचा असे दोन चहा गेले. सहाचा सोडताना फार जड गेलं. उठल्या उठल्या चहा हवा ही तीस वर्षांची सवय होती. तो नाश्त्याबरोबर नेला आणि उठल्यावर ट्रे तसाच ठेवून साधं पाणी प्यायला लागले. दोन आठवडे डोकं जड राहिलं, मग सवय झाली. अकराला सगळ्यांबरोबर टपरीवर जाणं मी सोडलं नाही, फक्त हातात पाण्याची बाटली असायची. गप्पा चुकवायच्या नव्हत्या मला, आणि चुकवायची गरजही नसते.

येता-जाता तोंडात टाकायच्या गोष्टी मात्र बंद होतात. डब्यातला चिवडा, टेबलावरचे शेंगदाणे, शेजारणीने दिलेली आवळासुपारी, जेवणानंतर तासाभराने आठवलेली बडीशेप. हे खायचंच असेल तर जेवणाला जोडून खा. च्युइंगम आणि पान ट्रेवर कधीच नको.

दोन गोष्टींनी मला सगळ्यात जास्त मदत केली. ट्रे बाहेर काढला की मोबाइलवर तेवढ्या मिनिटांचा गजर लावायचा. जेवण झाल्यावर गप्पा रंगतात आणि ट्रे डबीत पडून राहतो, वेळ सगळ्यात जास्त जातो तो तिथे. दुसरी गोष्ट म्हणजे घरच्यांना सांगून ठेवायचं. आई संध्याकाळी पोह्यांची बशी पुढे करायची तेव्हा तिला दर वेळी नको म्हणणं मला जमत नसे. तिला २२ तासांचं कारण नीट समजावलं, तेव्हापासून तीच साडेआठच्या जेवणाला काहीतरी जास्तीचं करायला लागली.

उपवासाच्या दिवशी घडी हमखास विस्कटते. थोडी खिचडी, थोडे वेफर्स, मग केळं, मग चहा असं दिवसभर चालतं. त्या दिवशीही ठरलेल्या वेळा पाळा आणि एका बैठकीत पोटभर खा.

काय खायचं आणि कसं

ट्रे काढून खायचं असल्याने तारांच्या उपचारात असतात तेवढी बंधनं इथे नाहीत. पण अटॅचमेंट दातांवरच असतात. म्हणून पेरू, सफरचंद, मक्याचं कणीस समोरच्या दातांनी तोडू नका. फोडी करा, दाणे सोलून घ्या. ऊस सोलून दाताने ओरबाडणं, चिक्की तोडणं, कडक भाकरीचा पापुद्रा ताणणं हे उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा.

ट्रे बदलल्यावर पहिले दोन दिवस चावताना दात नाजूक वाटतात. तेव्हा मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, उपमा, ताकात कुस्करलेली भाकरी, दुधात भिजवलेली पोळी चालते. ट्रे शुक्रवारी रात्री बदलायचा असं ठेवलं तर हे दिवस शनिवार-रविवारवर येतात आणि घरचं मऊ जेवण मिळतं.

हळदीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या स्वयंपाकात ती रोज असते. जेवून न घासता ट्रे लावला, तर दातांवर राहिलेली हळद आणि तेल ट्रेच्या आतल्या बाजूला बसतं आणि संध्याकाळपर्यंत तो पिवळसर दिसायला लागतो. ट्रे एक-दोन आठवड्यांत बदलतोच, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. अटॅचमेंट मात्र शेवटपर्यंत त्याच असतात. त्यांच्या कडेने पिवळी रेघ बसली की सहज जात नाही. म्हणून मिसळ, कोल्हापुरी रस्सा, पिवळी बटाट्याची भाजी खाल्ल्यावर ब्रश करणं टाळू नका. ब्रश शक्यच नसेल तर तीन-चार वेळा जोरात चूळ भरा, ट्रे पाण्याने धुऊन लावा आणि घरी गेल्या गेल्या नीट घासा. जेवल्यावर चूळ भरायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती इथे फार उपयोगी पडते.

ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी, गार किंवा कोमट. यात सवलत नाही. उसाचा रस, पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत, सोलकढी, थंड पेय यांतलं काहीही ट्रे घालून प्यायलं तर साखर आणि आंबटपणा दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून राहतो. लाळ एरवी तो धुऊन टाकते, इथे तिला आत पोचताच येत नाही. सरळ दातांसाठी वर्षभर झटायचं आणि शेवटी दातांत कीड घेऊन बाहेर पडायचं, असं होऊ देऊ नका. स्ट्रॉने प्यायलं तरी हे टळत नाही. गरम चहा-कॉफीने तर ट्रेचा आकारच बिघडू शकतो.

धुणं आणि जपणं

सकाळी आणि रात्री ट्रे मऊ ब्रशने, साध्या बिनवासाच्या द्रवसाबणाने, गार पाण्याखाली घासा. टूथपेस्ट ट्रेवर नको. तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडतात, प्लास्टिक धूसर होतं आणि ओरखड्यांत घाण साचते. गरम पाण्याने धुणं किंवा उकळणं अजिबात नको. पांढरट थर बसायला लागला तर ट्रे साफ करायच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या पाण्यात आठवड्यातून एक-दोनदा बुडवून ठेवा. दातांच्या फटींसाठी फ्लॉस किंवा छोटा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री हवाच.

बाहेर पडताना एक छोटी पिशवी सोबत ठेवा. तिच्यात ट्रेची कडक डबी, घडीचा ब्रश, छोटी पेस्ट, च्युई, रुमाल आणि आधीच्या क्रमांकाचा ट्रे. पिशवी ऑफिसच्या खणात न ठेवता रोजच्या बॅगेत ठेवा. लोकलने किंवा बसने प्रवास झाला असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

आणि ट्रे टिश्यूपेपरात कधीही गुंडाळू नका. माझा पाचवा ट्रे एका कॅन्टीनमध्ये असाच गेला. ताटाशेजारी टिश्यूत ठेवला होता, पोऱ्याने ताट उचललं, आणि मी हात धुऊन येईपर्यंत तो खरकट्याच्या पिंपात पोचला होता. कॅन्टीनवाल्या काकांनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी पिंप उलथून शोधलं, पण सापडला नाही. तेव्हापासून ट्रे एक तर तोंडात, नाहीतर डबीत.

उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात आत इतकं तापतं की प्लास्टिक वाकू शकतं. घरात कुत्रा असेल तर डबी त्याच्या तोंडी लागणार नाही अशी उंचावर ठेवा, कुत्र्यांना या ट्रेचा वास फार आवडतो.

सण, लग्न, पाहुणे

गणपतीत एका संध्याकाळी पाच घरी दर्शनाला जायचं असतं आणि प्रत्येक घरी मोदक, पेढा, पंचामृत. प्रसाद नाकारायचा तर मनाला पटत नाही. मी असं करते. पहिल्या घरी ट्रे काढून प्रसाद घेते, पुढच्या घरांचा कागदात बांधून मागते आणि रात्री जेवणाबरोबर खाते. "काकू, दातांचे ट्रे लावलेत, बांधून द्याल का?" असं म्हटल्यावर आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. हळदीकुंकवाला दुधाचा पेला समोर येतो, तिथेही हेच. लग्नाला जाताना जेवणाची वेळ एक ठरवा. आधीचं स्टार्टर आणि नंतरचं आइस्क्रीम त्याच बैठकीत घ्या, आणि त्या दिवशी चारचा चहा सोडा.

गाणं शिकत असाल किंवा बासरी वाजवत असाल, तर पहिला आठवडा रियाजाला सूर थोडा वेगळा वाटेल. मग बसतो. कबड्डी, बॉक्सिंग अशा खेळांत मात्र ट्रे काढून खेळासाठीचा वेगळा माउथगार्ड लावा. अलायनर मार झेलण्यासाठी केलेला नसतो.

काही बिघडलं तर

ट्रे हरवला किंवा फुटला तर आधीच्या क्रमांकाचा ट्रे लगेच लावा आणि डॉक्टरांना फोन करा. सध्याच्या ट्रेचे दिवस जवळपास भरले असतील तर ते कदाचित पुढचा लावायला सांगतील. हा निर्णय आपण घेऊ नये. दात उघडे ठेवून वाट पाहत बसणं मात्र सगळ्यात वाईट. म्हणूनच जुने ट्रे टाकून न देता धुऊन, क्रमांक लिहून ठेवा.

दाताचं टोक आणि ट्रे यांच्यामध्ये फट दिसत असेल तर दात मागे पडलाय असं समजा. च्युई जास्त वेळ चावा आणि ठरलेल्या दिवशी ट्रे बदलू नका, आधी विचारा. एखादा दिवस तापामुळे किंवा उलट्यांमुळे ट्रे बराच वेळ बाहेर राहिला तर तो ट्रे तेवढा जास्त घाला. घाईने पुढचा लावला की फट पुढच्या प्रत्येक ट्रेत वाढत जाते. अटॅचमेंट निघाली तर ती रात्रीतून धावत जाण्याजोगी गोष्ट नाही, पण दुसऱ्या दिवशी कळवा.

ट्रे लावल्याची तारीख त्याच्या पाकिटावरच लिहा. मी दर रविवारी आरशासमोर एकाच उजेडात दातांचा फोटोही काढायची. बदल इतका हळू होतो की रोज बघताना कळत नाही. तिसऱ्या महिन्यात मन खचलं होतं, तेव्हा पहिला फोटो बाजूला ठेवून पाहिला आणि पुढे जायचं बळ आलं.

ट्रे संपल्यावर

शेवटच्या ट्रेनंतर पुष्कळांना पुन्हा स्कॅन करून आणखी काही ट्रे लागतात. काहीतरी चुकलं म्हणून नव्हे. काही दात, विशेषतः गोलसर आकाराचे, वळायला हट्टी असतात. त्यानंतर अटॅचमेंट घासून काढतात आणि रिटेनर येतो. सुरुवातीचे काही महिने तो डॉक्टर सांगतील तितके तास, आणि नंतर रोज रात्री, वर्षानुवर्षं. नवं हाड घट्ट व्हायला वेळ लागतो आणि वयाप्रमाणे दात तसेही सरकत राहतात. रिटेनरही गार पाण्यानेच धुवायचा, डबीतच ठेवायचा. एखादी रात्र राहिली आणि दुसऱ्या रात्री तो घट्ट लागला, तर तो रात्रभर घालून ठेवा, सकाळपर्यंत सैल होतो. पण नीट बसतच नसेल तर जोर लावू नका, सकाळी दवाखान्यात फोन करा.